कवठ : दात आंबवणारे, पाकात खुलणारे

माघ वद्य चतुर्दशी जवळ आली, की महाराष्ट्रातील शहरांमधल्या मंडयांचे रूप दोन दिवसांपुरते पालटते. रताळ्यांचे ढीग, बेलाच्या पानांच्या जुड्या आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर ओतलेली राखाडी, खरखरीत, क्रिकेटच्या चेंडूएवढी फळे. ही कवठे. एरवी ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, ती या दोन दिवसांत हातोहात खपतात. महाशिवरात्रीला शंकरापुढे कवठ ठेवण्याची प्रथा आहे आणि उपवासाच्या ताटात कवठाची चटणी असावी, असा अनेक घरांचा शिरस्ता आहे. दुसऱ्या दिवशी उपवास सुटतो आणि त्याबरोबर कवठाची आठवणही पुढच्या माघापर्यंत मिटते. काही घरांत तर देवापुढचे कवठ फोडण्याचेही कष्ट कोणी घेत नाही.

त्यात नवल नाही. कवठ हे पहिल्या घासाला लोभ लावणारे फळ नव्हे. कवच लाकडासारखे टणक. ते फोडायला बत्ता लागतो. आत तपकिरी, चिकट, बियांनी आणि धाग्यांनी भरलेला गर. वास उग्र, काहीसा आंबलेल्या गुळासारखा. चव आधी आंबट, मग तुरट आणि शेवटी जिभेवर कोरडेपणा ठेवून जाणारी. आंबा, सीताफळ किंवा द्राक्षे यांच्याप्रमाणे ते तोडून तोंडात टाकावे, अशी निसर्गाची योजनाच दिसत नाही. परंतु खाणाऱ्याला जे दोष वाटतात, तेच रांधणाऱ्याचे भांडवल असते. आंबटपणा, तुरटपणा आणि गराचा चिकटपणा या तीनही गोष्टी चुलीवर गेल्या की उपयोगी पडतात. कवठ हे मुळात स्वयंपाकाचे फळ आहे, आणि ते फळांच्या टोपलीत मोजले गेल्यामुळेच त्याची उपेक्षा झाली.

दंतशठ आणि दधिफल

जुन्या भाषेने कवठाची पारख अचूक केली होती. 'कवठ' हा शब्द संस्कृत 'कपित्थ' या शब्दावरून प्राकृतमार्गे आला. ज्यावर कपी, म्हणजे माकडे मुक्काम ठोकतात ते झाड, अशी त्याची पारंपरिक फोड आहे. अमरकोशात कपित्थाला आणखीही नावे आहेत. 'दधित्थ' आणि 'दधिफल' ही नावे गराचा दह्यासारखा आंबटपणा सांगतात. 'ग्राही' हे नाव त्याच्या स्तंभक, म्हणजे जुलाब थांबवणाऱ्या गुणावरून पडले. आणि 'दंतशठ'! दातांशी शठपणा करणारे, दात आंबवून सोडणारे. कच्चे कवठ एकदा चावलेल्या कोणालाही या नावाची व्युत्पत्ती समजावून सांगावी लागणार नाही. त्याच यादीत 'मन्मथ' हेही नाव आहे, हे विशेष. दातांचा वैरी आणि मदन एकाच फळात पाहणारे लोक चवीच्या बाबतीत कोते नसावेत.

वैद्यकाने या फळाला थेट पेजेच्या भांड्यात नेले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या विकारांवरील पेजा सांगितल्या आहेत. त्यांपैकी एक पेज कवठ, बेल, आंबुटी, ताक आणि डाळिंब घालून शिजवायची आहे. ती पाचक आणि ग्राही मानली आहे. औषध म्हणून सांगितलेली ही कृती वाचली, तरी ती एक उत्तम आंबट पेज असणार, हे स्वयंपाक करणाऱ्याला लगेच कळते. त्याच ग्रंथात कच्चे कवठ कंठाला अपायकारक ठरवले आहे. गवयांनी लक्षात ठेवावी अशी ही सूचना आहे.

कवठ त्या काळी बाजारात नेमाने विकले जात होते, याची खूण गणिताच्या पुस्तकात सापडते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात एक उदाहरण असे आहे : नऊ महाळुंगे आणि सात सुगंधी कवठे यांची एकत्र किंमत १०७, सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची १०१, तर प्रत्येकी किंमत किती? उत्तर महाळुंगाला ८ आणि कवठाला ५ असे येते. शाळेतील मुलांना आज सफरचंदे आणि केळी यांची गणिते घालतात. दख्खनच्या राजवटीत ती महाळुंगे आणि कवठे यांची घातली जात होती. आचार्यांनी कवठाला 'सुगंधी' हे विशेषण दिले आहे, हेही नोंदवण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ किंवा शिरूर तालुक्यातील कवठे येमाई अशा गावांच्या नावांतही हा शब्द टिकून आहे. आज शहरी कानाला मात्र कवठापेक्षा कवठी चाफा अधिक परिचयाचा झाला आहे.

पारख

कवठ आणि बेल यांची गल्लत नेहमी होते. दोन्ही लिंबाच्या कुळातील, दोन्हींचे कवच कठीण आणि दोन्ही शंकराच्या पूजेशी जोडलेली. त्यात इंग्रजीतील 'वूड ॲपल' हे नाव कधी कवठाला, तर कधी बेलाला लावले गेल्याने घोळ अधिकच वाढला. फळ हातात घेतले, की शंका राहत नाही. बेलफळाची साल गुळगुळीत, हिरवट पिवळी असते आणि आतला गर नारिंगी. कवठाची साल करडी, पांढुरकी, खवल्यांनी खरबरीत असते आणि गर चिंचेच्या जवळ जाणाऱ्या तपकिरी रंगाचा. झाडावर पाहायचे तर बेलाचे पान त्रिदळ असते, कवठाच्या पानाला पाच ते सात पर्णिका असतात; पान चुरगळले, तर बडीशेपेसारखा वास येतो. वनस्पतिशास्त्रात कवठाचे नाव 'लिमोनिया ॲसिडिसिमा' असे आहे. त्यातला उत्तरार्ध 'अत्यंत आंबट' अशी ग्वाहीच देतो.

फळे साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत पक्व होत जातात. कवठ पक्व आहे की नाही, हे कवचावरून कळत नाही. रंग फारसा बदलतच नाही. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे. फळ फूटभर उंचीवरून फरशीवर टाकावे. चेंडूसारखे उसळले, तर ते कच्चे. थप् असा आवाज करून जागीच बसले, तर पक्व. पक्व फळ झाडावरून उतरवल्यावरही पंधरा दिवस उन्हात ठेवले, तर गर नीट मऊ होतो. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर कवचापासून सुटतो. कवचाला भोक किंवा चीर असलेले फळ मात्र घेऊ नये. आत बुरशी असण्याची शक्यता असते.

चटणीमागचे शहाणपण

महाराष्ट्रातील कवठाची चटणी ही कृती म्हणून अगदी साधी आहे. पिकलेला गर काढायचा, त्यात जवळजवळ तेवढाच गूळ, लाल तिखट, जिऱ्याची पूड आणि मीठ घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये फिरवायचे. कोणी ओले खोबरे घालतात, कोणी हिरवी मिरची. विदर्भ आणि मराठवाड्यात कच्च्या कवठाचीही चटणी होते. तिला लसूण, मिरची आणि कढीपत्ता यांची साथ लागते, आणि भाकरीबरोबर ती खाल्ली, तर उपवासाच्या चटणीला फिके पाडते.

या साधेपणामागे चवीचे पक्के गणित आहे. तुरटपणा ही खरे तर चव नव्हे, तो स्पर्श आहे. फळातील टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, लाळेचे बुळबुळीत अस्तर नाहीसे होते आणि जीभ खरखरीत झाल्यासारखी वाटते. त्यावर उतारा म्हणून नुसती साखर पुरत नाही. मीठ कडवटपणा दाबते. गूळ आपल्या खमंग गोडीने आंबटपणाला टेकू देतो. ओले खोबरे, दही किंवा ताक यांतील स्निग्धांश आणि प्रथिने टॅनिनला जिभेआधीच गाठतात. चरकाच्या पेजेत कवठाजवळ ताक आले, ते काही उगाच नव्हे. जिरे आणि तिखट यांचे काम वेगळे. कवठाचा मूळ वास इतका ठासून भरलेला असतो, की त्याच्यासमोर सौम्य मसाला टिकत नाही. म्हणूनच या चटणीत वेलची, जायफळ घालण्याचे प्रयोग बहुधा फसतात.

जेलीचा चमत्कार

पण कवठाचे खरे कसब दिसते ते जेलीत. तांबूस, जांभळट झाक असलेली, काचेसारखी पारदर्शक, बरणी हलवली की थरथरणारी जेली या मातकट गरातून निघते, यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. चवीला ती काळ्या करवंदांच्या किंवा विलायती ब्लॅक करंटच्या जेलीच्या वळणावर जाते.

जेली हा प्रकार इंग्रजी स्वयंपाकघरातून भारतात आला. तिकडे या कामाचे मानाचे फळ म्हणजे क्रॅब ॲपल, अर्थात रानसफरचंद. युरोपच्या रानात आणि कुंपणांवर वाढणारे हे बोराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे फळ कच्चे खाणे अशक्य. इतके ते आंबट आणि तुरट. लिंबे महाग होती, त्या काळात तिकडे अशा आंबट फळांचा रस लिंबाच्या जागी वापरत. रानसफरचंदाची गुलाबी जेली आजही तिथे भाजलेल्या मांसाबरोबर खातात, आणि ब्लॅकबेरीसारख्या न जमणाऱ्या फळांच्या जॅममध्ये चार रानसफरचंदे टाकून तो जमवतात. दोन्ही फळांची कुळे वेगळी, हवामान वेगळे. पण खाण्यास नालायक आणि जेलीस सर्वोत्तम, ही पत्रिका तंतोतंत जुळते. कवठाला इंग्रजीत मिळालेले 'लाकडी सफरचंद' हे नाव त्या अर्थाने अगदीच अस्थानी नाही.

या साम्याचे कारण पेक्टिन. वनस्पतींच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा हा पदार्थ आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये वेगळा ओळखला आणि 'गोठवणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. कवठाच्या गरात तीन ते पाच टक्के पेक्टिन असते. फळांच्या दुनियेत ही श्रीमंती आहे. आज कारखान्यांत पेक्टिन काढले जाते ते मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून आणि सफरचंदाच्या चोथ्यापासून. लिंबाच्याच कुळातले कवठ मात्र या उद्योगाबाहेर राहिले. त्याचे पेक्टिन तांबूस निघते, ते शुद्ध करावे लागते, ही एक अडचण. आणि कारखान्याला पुरतील इतकी कवठे एका जागी मिळणार कोठून, ही त्याहून मोठी.

जेली जमणे म्हणजे तीन दगडांची चूल मांडणे. पेक्टिन, आम्ल आणि साखर हे ते तीन दगड. एक जरी डगमगला, तरी भांडे कलंडते. पेक्टिनचे लांब रेणू पाण्यात एकमेकांपासून दूर पळत असतात, कारण त्यांच्यावर सारख्याच प्रकारचा विद्युतभार असतो. आम्ल तो भार शमवते. साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते. मग हे रेणू एकमेकांना बिलगतात, त्यांची जाळी तयार होते आणि त्या जाळीत गोड रस अडकून बसतो. हे घडण्यासाठी साखरेचे प्रमाण अखेरीस सुमारे ६५ टक्क्यांवर जावे लागते. भारतीय अन्नमानकांतही जेलीतील विद्राव्य घन पदार्थांची किमान मर्यादा ६५ टक्केच आहे. कवठ 'औषधी' म्हणून जेलीही पथ्याची, असा समज करून घेणाऱ्या मधुमेहींनी हा आकडा दोनदा वाचावा.

कृतीत घाई चालत नाही. नुसती पिकलेली कवठे घेऊ नयेत. फळ पिकताना त्यातले न विरघळणारे पेक्टिन विरघळू लागते, आणि अति पिकले की तेच मोडून निकामी होते. म्हणून सुगंधासाठी पिकलेली आणि जमण्यासाठी किंचित अपरी, अशी दोन्ही फळे मिसळावीत. गर काढून तो बुडेल इतके पाणी घालावे आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे उकळावा. नंतर मलमलीच्या ओल्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवावा. येथेच बहुतेकांचा संयम सुटतो. फडके पिळले, की थोडा अधिक रस मिळतो खरा, पण गराचे कणही उतरतात आणि जेली कायमची गढूळ होते. टपकेल तेवढाच रस आपला, असे समजून गप्प राहावे.

सकाळी रसाची परीक्षा घ्यावी. गृहविज्ञानाच्या वर्गात शिकवली जाणारी पद्धत अशी : चमचाभर गार रसात दोन चमचे स्पिरिट घालायचे, पेला हलकेच फिरवायचा आणि थोडे थांबायचे. एकसंध गोळा तयार झाला, तर रस पेक्टिनने समृद्ध. कपाला कप साखर घालावी. दोन-तीन गोळे झाले, तर पाऊण कप. नुसतेच बारीक तुकडे तरंगले, तर रस आणखी आटवावा. हा नमुना चाखायचा नसतो, तो फेकून द्यायचा. स्पिरिट विषारी असते. कवठ आंबट असेल, तर लिंबू पिळण्याची गरज पडत नाही.

साखर विरघळली, की आच मोठी करून भराभर उकळावे. संथ उकळण्याने पेक्टिन तुटते आणि रंग काळवंडतो. फेस काढत राहावा. जेली तयार झाली, हे तापमापकाने ओळखायचे, तर पाणी उकळण्याच्या तापमानापेक्षा साधारण साडेचार अंश अधिक, असा हिशेब आहे. मुंबईत समुद्रसपाटीला तो सुमारे १०४ ते १०५ अंश सेल्सिअस येतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, तेव्हा तेथे १०२ ते १०३ अंश पुरतात. महाबळेश्वरला त्याहूनही कमी. परदेशी पुस्तकातला आकडा प्रमाण मानून पुण्यात १०५ अंशांपर्यंत पाक नेला, की जेलीऐवजी घट्ट पाक हाती येतो, आणि दोष बिचाऱ्या कवठाला दिला जातो. तापमापक नसेल, तर पळी तिरकी धरून पाहावे. थेंब एकेक गळत असतील, तर अवकाश आहे; दोन थेंब कडेला एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सुटले, की भांडे ताबडतोब उतरवावे. गरम असतानाच कोरड्या, निर्जंतुक बरण्यांत भरावे आणि गार होईपर्यंत बरणी हलवू नये.

फडक्यात उरलेला चोथाही वाया जात नाही. तो चाळणीतून घासून बिया व धागे वेगळे केले आणि साखर घालून तुपाच्या हाताने आटवला, तर वड्या पडतात. जेलीचा दिमाख त्यांना नसतो. पण शाळकरी मुलांच्या डब्यात त्या जास्त लवकर संपतात.

शेजाऱ्यांची ताटे

महाराष्ट्राबाहेर कवठ वर्षातून एकाच दिवसाचे पाहुणे नाही. बंगालमध्ये आणि बांगलादेशात त्याला कदबेल म्हणतात. पिकलेल्या गरात मोहरीचे तेल, मिरची, मीठ आणि साखर कालवून ते रस्त्यावर, कवचासकट हातात देतात. कर्नाटकात रामनवमीच्या उन्हात बेलद हण्णूचे, म्हणजे कवठाचे गूळ-वेलची घातलेले पानक पितात. तमिळनाडूत विळाम्पळम् गणेशचतुर्थीला गणपतीपुढे ठेवतात. गुजरातेत कोठाची गोड-तिखट चटणी सर्रास होते. इंडोनेशियात, जावा बेटावरील रेंबांग येथे, 'कविस्ता' या नावाने त्याचे सरबत प्रसिद्ध आहे.

या साऱ्यांत श्रीलंका पुढे आहे. तेथे या फळाला दिवुल म्हणतात. गर नारळाच्या दुधात कालवून, ताडगूळ घालून केलेले 'दिवुल किरी' हे तिथले रोजचे पेय आहे. तुरटपणावर नारळाचे दूध हा इलाज किती सोपा, आणि कोकणात नारळ असूनही तो रूढ झाला नाही, याची चुटपुट लागावी. श्रीलंकेत दिवुलचा जॅम आणि डबाबंद रस किराणा दुकानात मिळतो आणि परदेशी गेलेल्या सिंहली व तमिळ कुटुंबांसाठी निर्यातही होतो. म्हणजे कवठाला बाजारपेठ नसते, हे खरे नाही. महाराष्ट्रात ती कोणी उभी केली नाही, इतकेच.

हत्तीने खाल्लेले कवठ

संस्कृतात 'गजभुक्तकपित्थ' असा एक न्याय आहे. हत्ती कवठ अख्खे गिळतो, आणि ते बाहेर पडते तेव्हा कवच जसेच्या तसे, पण आतला गर नाहीसा झालेला असतो, अशी त्यामागची समजूत. बाहेरून शाबूत आणि आतून पोकळ अशा कोणत्याही गोष्टीला हा दाखला देतात. कवच खरोखर अखंड राहते की नाही, हा वाद बाजूला ठेवला, तरी हत्ती कवठे आवडीने खातात आणि त्यांच्या लिदीतून बिया दूरवर पसरतात, हे भारतात आणि श्रीलंकेत दिसून आले आहे. लाकडासारखे कवच असलेले, पिकल्यावर आपोआप गळून पडणारे आणि दुरून वास देणारे फळ कोणासाठी घडले असेल, याचे एक उत्तर त्यात मिळते. जेथे हत्ती नाहीत, तेथे हे काम माणसाने करायचे होते.

माणसाची अडचण अशी, की त्याला धीर नाही. बियांपासून वाढलेल्या कवठाला फळ धरायला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. ही तक्रार नवी नव्हे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात कपित्थाची चक्क वेल करण्याचा प्रयोग दिला आहे. आठ वनस्पतींच्या मुळ्यांसह दूध उकळायचे, ते निवल्यावर त्यात कवठाच्या बिया शंभर टाळ्या वाजवण्याइतका वेळ ठेवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, आणि हे महिनाभर करायचे. त्यानंतर खास भरलेल्या खड्ड्यात त्या पेरल्या, की मांडव झाकणारी वेल होते, असे तो सांगतो. झाडाची वेल कोणी झालेली पाहिली नसेल. पण कवठ लवकर हाताशी यावे, ही तळमळ मात्र त्यातून स्पष्ट होते.

तळमळ आजही कलमाने भागू शकते. कवठाच्याच रोपावर डोळा भरला, तर झाड ठेंगणे राहते आणि फळही पुष्कळ लवकर धरते. तरीही कवठाच्या बागा महाराष्ट्रात अपवादानेच दिसतात. आंबा, डाळिंब, द्राक्षे यांची लागवड होते, कवठ 'असते'. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी, देवळामागे, गावठाणाच्या कडेला. त्याला पाणी, खत, फवारणी कोणी देत नाही आणि ते मागतही नाही. पावसाळ्यानंतर खोडातून निघणारा पारदर्शक डिंक पूर्वी शाई आणि चित्रकारांचे जलरंग बनवण्यासाठी वापरत. लिंबावरील फुलपाखराच्या अळ्या त्याची कोवळी पाने खाऊन वाढतात. पण बांध रुंद करताना, रस्त्याला जागा देताना किंवा शेताचे भूखंड पाडताना पहिली कुऱ्हाड अशाच, कोणाच्या हिशेबात नसलेल्या, काटेरी झाडावर पडते.

एका झाडाने काय जाते, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच कवठ आणि आंबा यांत फरक पडतो. हापूसचे एक झाड गेले, तरी हापूस राहतो, कारण प्रत्येक हापूस हा कलमाने केलेली त्याचीच प्रत असतो. कवठाची झाडे मात्र जवळजवळ सगळी बियांची. एकाची फळे मोठी आणि गोडसर, शेजारच्याची लिंबाएवढी आणि जहाल आंबट. एकात धागे अधिक, दुसऱ्याचा गर लोण्यासारखा. गावातल्या म्हाताऱ्या बायका 'देवळामागच्या कवठाची चटणी' आणि 'ओढ्यावरच्या कवठाची चटणी' असा भेद करत, तो उगाच नव्हे. बियांचे प्रत्येक झाड ही स्वतंत्र जात असते. ते तुटले, की ती चव पुन्हा कुठूनही आणता येत नाही. चांगली झाडे हेरून त्यांची कलमे केली, तरच ती टिकतात. आणि कलमे कोण करणार, तर ज्याला फळ विकले जाण्याची खात्री आहे तो. वर्षातून दोन दिवसांच्या गिऱ्हाइकावर ती खात्री देता येत नाही.

जेलीसाठी कवठे घ्यायची, तर महाशिवरात्र उलटल्यानंतरचे दिवस सोयीचे. सणाची गर्दी ओसरलेली असते, विक्रेत्याकडे उरलेली फळे आठवडाभर ऊन खाऊन पिकलेली असतात आणि भावही उतरतो. विक्रेत्याला एकच प्रश्न आवर्जून विचारावा : सगळी कवठे एकाच झाडाची आहेत का? तशी असली आणि जेली मनासारखी जमली, तर ते झाड कोणत्या गावाचे, हे बरणीवरच्या चिठ्ठीत लिहून ठेवता येते.